सोलापूरच्या पिनकोडचे अवयव हाताने कसे पाडावेत

सोलापुरातल्या लग्नपत्रिकांवर आणि चादरींच्या पावत्यांवर ४१३००१ हा आकडा आपण रोज बघतो. सुट्टीत माझ्याकडे गणिताला येणाऱ्या मुलांना अवयव पाडायला मी पहिली संख्या हीच देतो. सुरुवातीला ती सोपी वाटते आणि मधेच दमवते.

२ आणि ५ ने भाग जात नाही, हे नुसतं बघून कळतं. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भागा: ४५८८९. याच्या अंकांची बेरीज ३४, म्हणजे ३ चं काम संपलं.

खरी अडचण इथून पुढे आहे. पुष्कळ जण चाळीस-पन्नासपर्यंत भागून बघतात आणि 'ही मूळ संख्याच' म्हणून वही मिटतात. मी स्वतः पहिल्यांदा ९७ ला थांबलो, आणि ती चूक पुढच्या सगळ्या गणितात शिरली. कुठे थांबायचं ते वर्गमूळ सांगतं. २१४ चा वर्ग ४५७९६, २१५ चा ४६२२५. म्हणून भाग गेला नाही तर २११ पर्यंतची प्रत्येक मूळ संख्या तपासायची. वर्गमूळ ९ ने भागून झाल्यावरच काढा. आधीच ४१३००१ चं काढलंत तर ६४१ पर्यंत जावं लागेल. आणि 'शेवटी ९ आहे म्हणजे मूळ असणार' हा सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका; ४९ च्या शेवटीही ९ च आहे.

७, ११ आणि १३ एका फटक्यात तपासता येतात, कारण त्यांचा गुणाकार १००१. शेवटच्या तीन अंकांतून पुढचे अंक वजा करा: ८८९ − ४५ = ८४४. याला तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही, तसा ४५८८९ लाही नाही. १७ पासून मात्र सरळ भागाकार, आणि प्रत्येक ओळीत बाकी लिहायचीच. नुसतं 'नाही' लिहिलंत तर चुकलेली ओळ पुन्हा सापडत नाही. १०३ ला बाकी ५४, १०७ ला ९३, आणि १०९ ला शून्य! ते शून्य आलं की मला आजही तितकाच आनंद होतो.

भागाकार ४२१. तो १९ पर्यंत तपासा; मूळ आहे.

४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१

एकूण विभाजक १२. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज १९०४५९, म्हणजे संख्येपेक्षा कमी; अशा संख्येला न्यून संख्या म्हणतात.

आता वही मिटू नका, कारण खरी गंमत पुढे आहे. १०९ आणि ४२१ ला ४ ने भागलं की बाकी १ उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते. १०९ म्हणजे १० आणि ३ चे वर्ग, ४२१ म्हणजे १५ आणि १४ चे. अशा दोन बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिण्याची रीत म्हणजे 'भावना'. गणिती ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्त या ग्रंथात दिलेली ही रीत इथे लावा: १० × १५ − ३ × १४ = १०८, १० × १४ + ३ × १५ = १८५. चिन्हं उलटी केली की १९२ आणि ९५. या ४५८८९ च्या जोड्या झाल्या; राहिलेला ९ म्हणजे ३ चा वर्ग, म्हणून सगळ्यांना ३ ने गुणा.

३२४² + ५५५² = ४१३००१
५७६² + २८५² = ४१३००१

तिसरी जोडी शोधत बसू नका, ती नाही.