घोटलेल्या बटाट्यांवरची बीफ खिम्याची ग्रेव्ही

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात, म्हणजे ओहायो, इंडियाना, आयोवा अशा राज्यांत, थंडी सुरू झाली की घरोघरी एक साधे जेवण वरचेवर होते. बीफचा खिमा खरपूस परतायचा, त्यातच कांदा आणि थोडा मैदा भाजायचा, वरून मांसाचे पाणी ओतून दाटसर रस्सा करायचा आणि लोणी घालून घोटलेल्या गरम बटाट्यांवर तो वाढायचा, एवढीच त्याची कृती आहे. तेथील लोक याला हॅम्बर्गर ग्रेव्ही म्हणतात. येथे हॅम्बर्गर या शब्दाचा अर्थ पावातली टिक्की असा नसून नुसता खिमा असा आहे. दमून घरी आल्यावर आपल्याला जसा गरम पिठलं-भात हवासा वाटतो, तशीच त्या लोकांना या ताटाची ओढ असते, आणि पिठल्याप्रमाणेच हा पदार्थही पाऊण तासात, घरात असलेल्या चार जिनसांतून उभा राहतो.

ओहायोत राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या आजींनी मला हे जेवण वाढले होते. त्यात कोणता मसाला आहे असे मी विचारले, तेव्हा मीठ आणि मिरपूड यांखेरीज काहीही नाही असे त्यांनी सांगितले. मी घरी करून पाहिले तर खिमा करडा आणि रस्सा बेचव झाला, म्हणून मी त्यात गरम मसाला, धणेपूड आणि हिरवी मिरची घातली. जे तयार झाले ते वाईट नव्हते, पण तो आपला नेहमीचा खिमा होता, आजींच्या घरी खाल्लेली ग्रेव्ही नव्हती. पुढच्या वेळी मी त्यांच्या शेगडीजवळ उभे राहून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. खिमा तव्यात घातल्यावर त्यांनी कितीतरी वेळ त्याला हातच लावला नाही. माझ्या रश्श्यात मसाला कमी पडला नव्हता, भाजणे कमी पडले होते. कांदा-खोबरे नीट भाजले नाही तर वाटणाला चव येत नाही हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. येथे वाटण नाही, म्हणून ते काम मांसाच्या भाजण्याने करायचे असते. पुढची सगळी कृती या एका गोष्टीभोवती फिरते.

चार माणसांसाठी एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, बीफचा खिमा पुरतो. अमेरिकेतील दुकानांत खिम्याच्या पाकिटावर ८०/२०, ८५/१५, ९०/१० असे आकडे छापलेले असतात. त्यांतील पहिला आकडा मांसाचा व दुसरा चरबीचा असतो, आणि तेथील नियमानुसार बीफच्या खिम्यात ३० टक्क्यांहून अधिक चरबी चालत नाही. या पदार्थासाठी ८५/१५ सर्वांत चांगला, असे माझे मत आहे. ८०/२० घेतल्यास चरबी बरीच सुटते आणि थोडी काढून टाकावी लागते, तर ९०/१० घेतल्यास मैदा भाजण्यापुरतीही चरबी सुटत नाही आणि खिमा कोरडा लागतो. खिमा घरी आणल्यावर फ्रिजमध्ये एक-दोन दिवसांहून अधिक ठेवू नये, लागणार नसेल तर फ्रीझरमध्ये टाकावा. गोठलेला खिमा आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली आणून ठेवला म्हणजे दुसऱ्या संध्याकाळपर्यंत सुटा होतो.

याखेरीज एक मध्यम कांदा बारीक चिरून, लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून, तीन मोठे चमचे मैदा, दोन कप म्हणजे सुमारे ४८० मिलिलिटर बीफ स्टॉक, दोन लहान चमचे वूस्टरशर सॉस, मीठ आणि भरड कुटलेली काळी मिरी एवढे साहित्य लागते. स्टॉक म्हणजे हाडे आणि मांस उकळून गाळलेले पाणी. विकतचा घेतल्यास कमी मिठाचा घ्यावा, कारण रस्सा आटताना खारटपणा वाढत जातो. वूस्टरशर सॉस हा इंग्लंडमधील वूस्टर गावात तयार झालेला आणि १८३७ पासून विकला जाणारा सॉस आहे. त्यात चिंच आणि मुरवलेले अँचोव्ही मासे असतात, त्यामुळे थोडा आंबटपणा आणि मांसाची चव गडद करणारा एक खोल खारटपणा त्यातून मिळतो. तो नसेल तर लहान चमचाभर चिंचेचा कोळ आणि तेवढाच सोया सॉस एकत्र करून घालावा, काम अडत नाही.

बटाटे आधी चढवावेत, कारण ग्रेव्ही झाल्यावर बटाट्यांची वाट पाहत बसलो तर ती शेगडीवर घट्ट होत जाते. सुमारे ९०० ग्रॅम बटाटे सोलून सारख्या आकाराचे तुकडे करावेत आणि मीठ घातलेल्या गार पाण्यात टाकून मग आच लावावी. उकळत्या पाण्यात टाकले तर कडा विरघळतात आणि गाभा कच्चा राहतो. पंधरा-वीस मिनिटांत सुरी सहज आत गेली की पाणी काढून टाकावे आणि तेच पातेले मिनिटभर मंद आचेवर परत ठेवून बटाट्यांवरचा ओलावा जाऊ द्यावा. मग पातेल्यातच ते घोटावेत, त्यात प्रथम ६० ग्रॅम लोणी आणि नंतर अर्धा कप गरम दूध थोडे थोडे घालावे. मिक्सर मात्र वापरू नये. त्याच्या पात्यांनी बटाट्यातील पिष्ट मोकळे होऊन सगळे खळीसारखे चिकट होते, आणि ते पुन्हा दुरुस्त करता येत नाही. अमेरिकेत असाल तर रसेट किंवा युकॉन गोल्ड जातीचे बटाटे घ्यावेत. भारतात साठवणीतला जुना बटाटा चांगला घोटला जातो, नवा बटाटा ओलसर राहतो.

बटाटे शिजत असताना खिम्याकडे वळावे. भांडे पसरट आणि जड बुडाचे हवे, बिडाचा खोलगट तवा असेल तर त्याहून चांगले काही नाही. नॉनस्टिक भांड्यात मांस बुडाला धरत नाही, आणि या पदार्थाला ते थोडे धरायलाच हवे. तवा रिकामाच मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटे तापू द्यावा, त्यात लहान चमचाभर तेल घालावे आणि खिमा हाताने मोठे लगदे करून पसरावा. फ्रिजमधून काढलेल्या खिम्याला पाणी सुटले असेल तर ते आधी कागदाने टिपून घ्यावे. यानंतर चार ते पाच मिनिटे कालथा बाजूला ठेवावा. ही पाच मिनिटे फार मोठी वाटतात, तव्यातून चर्र असा आवाज येत राहतो, कडेने वाफ निघते आणि हात आपोआप ढवळायला पुढे होतो, पण येथेच धीर धरायला हवा.

यामागचे कारण सरळ आहे. मांसात पाणी भरपूर असते, आणि जोवर पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तेथील तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. मांसाला बदामी रंग आणि भाजका वास येण्यासाठी सुमारे १४० अंशांच्या आसपासचे तापमान लागते. त्या तापमानाला मांसातील प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांच्यात जी प्रक्रिया घडते, तिचे वर्णन लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले, म्हणून तिला मायार प्रक्रिया म्हणतात. पावाचे कवच, भाजलेली कॉफी आणि भाकरीवरचे खरपूस डाग यांची चवही याच प्रक्रियेतून येते. सतत ढवळत राहिले की खिम्याचे पाणी तव्यात पसरते, तवा थंड होतो आणि मांस भाजण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकळते. करडा रंग त्याचीच खूण असतो. तवा लहान असेल किंवा खिमा दुप्पट असेल तर दोन वेळा करून भाजावा, एकदम गर्दी करू नये.

खालची बाजू गडद बदामी झाली की लगदे उलटावेत, कालथ्याने फोडून मोकळे करावेत आणि कच्चा लाल रंग पूर्ण जाईपर्यंत परतावेत. आता तव्याच्या बुडाला तपकिरी थर धरलेला दिसेल. तो करपलेला नाही, त्यातच रश्श्याची चव आहे, म्हणून तो खरवडून फेकू नये. तो काळा पडू लागला तर मात्र आच ताबडतोब कमी करावी, कारण काळेपणाचा कडूपणा नंतर कशानेही जात नाही. चरबी फार सुटली असेल तर तीन मोठे चमचे ठेवून बाकीची एखाद्या जुन्या डब्यात काढावी. ती मोरीत ओतल्यास थिजून नळी तुंबते. चरबी कमी वाटली तर चमचाभर लोणी घालावे.

मध्यम आचेवर कांदा घालून तो मऊ होईपर्यंत, पाच-सहा मिनिटे परतावा. कांद्याला सुटलेल्या पाण्याने तळाचा थर सैल होऊ लागतो, तो कालथ्याने हळूहळू सोडवून घ्यावा. लसूण अर्धा मिनिट परतावा. मग मैदा सगळीकडे भुरभुरावा आणि कोरडे पीठ कोठेही दिसेनासे होईपर्यंत मिसळून आणखी दोन मिनिटे भाजावा. मैद्याच्या कणांना चरबीचे वेष्टण बसले की ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि पुढे गुठळ्या होत नाहीत. मैदा थेट रश्श्यात टाकला तर गुठळ्या होणारच. भाजण्याने मैद्याचा कच्चा वासही जातो.

स्टॉक एकदम ओतू नये. प्रथम अर्धा कप घालून नीट मिसळावा, तेव्हा मिश्रण लापशीसारखे घट्ट होईल, मग उरलेला स्टॉक तीन-चार वेळा करून ढवळत घालावा आणि वूस्टरशर सॉस त्यात मिसळावा. रस्सा उकळीला आल्याशिवाय त्याच्या दाटपणाविषयी काहीही ठरवू नये, कारण मैद्यातील पिष्ट उकळीच्या जवळ पोहोचल्यावरच पुरते फुगते. उकळी आल्यावर आच मंद करून आठ-दहा मिनिटे, झाकण न ठेवता, मधूनमधून तळापासून ढवळत शिजू द्यावा. रस्सा पळीवाढी झाला पाहिजे, म्हणजे पळीतून सहज पडला पाहिजे, पण बटाट्यावर पडल्यावर ताटभर वाहू नये. घट्ट वाटल्यास थोडे गरम पाणी घालावे, पातळ वाटल्यास आणखी आटवावा. गार झाल्यावर तो अधिक दाटतो हे लक्षात ठेवून किंचित सैल असतानाच उतरवणे चांगले. मीठ अगदी शेवटी, चव पाहून घालावे, मिरी मात्र सढळ हाताने घालावी.

खिमा आतपर्यंत शिजला पाहिजे याविषयी तडजोड नको. अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जिवाणू असले तर ते बाहेरच्या बाजूला असतात आणि भाजताना मरतात, पण खिमा करताना बाहेरचे आत मिसळते. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात कमी शिजलेल्या बीफच्या टिक्क्यांमधून ई. कोलाय जिवाणूचा मोठा प्रादुर्भाव झाला आणि त्यात चार मुले दगावली. खिमा ७१ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे १६० अंश फॅरनहाइटपर्यंत, शिजवावा अशी तेथील कृषी खात्याची शिफारस आहे. येथे खिमा मोकळा करून भाजतो आणि पुन्हा उकळत्या रश्श्यात शिजवतो, त्यामुळे ते तापमान सहज गाठले जाते. कच्चा खिमा हाताळल्यावर हात, पाट आणि सुरी साबणाने धुण्याचे मात्र विसरू नये.

महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही २०१५ पासून कायद्याने बंदी आहे, आणि अनेकांच्या घरी बीफ खाल्लेही जात नाही. अशा वाचकांनी मटणाचा खिमा घ्यावा. खांद्याचे मांस थोडी चरबी ठेवून, जाडसर, एकदाच यंत्रातून काढून द्यायला खाटकाला सांगावे. भाजण्याची रीत तीच राहते, फक्त मटण अधिक चिवट असते, म्हणून स्टॉक अर्धा कप जास्त घालून झाकण ठेवून मंद आचेवर तीस-पस्तीस मिनिटे शिजवावे आणि मग झाकण काढून दाटपणा पाहावा. चिकनच्या खिम्याला चरबी फार कमी असते, त्यात दोन मोठे चमचे लोणी घालूनच मैदा भाजावा. दोन्ही वेळी गरम मसाल्याचा डबा बंदच ठेवावा, असा माझा आग्रह आहे. मैदा चालत नसेल तर दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून शेवटी उकळत्या रश्श्यात घालावे.

वाढताना बटाट्यांच्या ढिगात पळीने खळगा करून त्यात ग्रेव्ही ओतावी आणि बाजूला वाफवलेले हिरवे वाटाणे किंवा फरसबी घ्यावी. वाटाण्याची गोडी या खारट, दाट रश्श्याबरोबर फार छान लागते. उरलेली ग्रेव्ही फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते, गरम करताना मात्र थोडे दूध किंवा स्टॉक घालून हळूहळू सैल करावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोस्टवर वाढण्याची प्रथाही जुनी आहे. अमेरिकी लष्कराच्या आचाऱ्यांसाठी १९१० मध्ये निघालेल्या पुस्तिकेत सुकवलेल्या बीफची, मैदा भाजून केलेली अशीच ग्रेव्ही टोस्टवर वाढण्याची कृती आहे, आणि पुढे सैनिकांच्या ताटात सुकवलेल्या मांसाऐवजी खिमाही येऊ लागला. त्यासाठी पाव जाड कापून दोन्ही बाजूंनी कडक भाजावा, म्हणजे रस्सा शोषूनही तो मोडत नाही.