काठी होती, पण चुकीच्या हातात

उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा घरातली जुनी काठी उचलली आणि उजव्याच हातात धरली. महिनाभरात गुडघा तसाच, वर खांदाही भरून यायला लागला. फिजिओथेरपिस्टने आधी हात बदलायला लावला. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची आणि त्या पायाबरोबरच पुढे टाकायची. मी इतके दिवस उलटंच करत होतो!

मग उंची. रोजच्या चपला घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे. काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर १५ ते ३० अंश वाकतं. माझी काठी चांगली दोन इंच उंच निघाली. लाकडी होती, कापून घेतली. खालचं रबरी बूच झिजून गुळगुळीत झालं होतं, ओल्या फरशीवर घसरायचं, तेही बदललं.

चार पायांची काठीही वापरून पाहिली. जरा भरभर चाललं की चारही पाय एकदम टेकत नाहीत, नकोशी झाली. आईचं वेगळं. तिचा तोलच जातो, म्हणून वॉकर, पुढे दोन चाकं असलेला. दर पावलाला उचलणं तिला झेपत नव्हतं.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. हे अजूनही मी पुटपुटतच उतरतो.