परदेशात मशीनने ‘रुपये’ विचारलं, तर नाही म्हणा

नांदेडहून लुंबिनीला निघालेली मंडळी असोत, परभणीहून दुबईला मुलाकडे जाणारे आईवडील असोत, नाहीतर लातूरच्या दुकानदारांची बँकॉक सहल असो, निघायच्या आठवड्यात मला फोन येतोच: “पैशाचं कसं करायचं हो?” नेपाळ, दुबई, थायलंड मी स्वतः केलंय, घरच्या वडीलधाऱ्यांनाही पाठवलंय. “फोन असला की झालं”, “बिल रुपयातच करा, हिशोब सोपा जातो” असले सल्ले ऐकले की मला राग येतो. नुकसान शेवटी कष्टाने पैसा जमवणाऱ्याचंच होतं.

आधी कार्ड हातात घेऊन त्यावरचं चिन्ह बघा. व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे ग्लोबल असेल तर ठीक. जनधन खात्यावरचं किंवा बऱ्याच सहकारी बँकांचं साधं रुपे कार्ड साधारणपणे देशातच चालतं. तसं असेल तर तीन आठवडे आधी बँकेत जाऊन बदलून मागा.

मग बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचा नियम आला, तेव्हापासून नवं कार्ड देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवरच चालू असतं, बाकीचं आपण चालू करायचं. एटीएम आणि दुकान एवढंच चालू करा. ऑनलाइन बंद राहू द्या, कारण परदेशी वेबसाइट पुष्कळदा ओटीपी न मागता पैसे कापतात.

आपलं सिम फोनमधून काढू नका. रोमिंग निघण्याआधीच चालू करून घ्या. ओटीपीचा एसएमएस त्याच सिमवर येतो आणि येणाऱ्या एसएमएसला साधारणपणे पैसे पडत नाहीत. इंटरनेटसाठी तिथलं सिम दुसऱ्या खाचेत घाला. पैशाचं अ‍ॅप तिकडे जाऊन काढून टाकणं, नव्या फोनवर घेणं, हे अजिबात करू नका. यूपीआयची नोंदणी आपल्याच सिमवरून एसएमएस जाऊन होते. तो गेला नाही की अ‍ॅप उघडत नाही.

यूपीआय मोजक्या देशांतच चालतं. भूतानमध्ये २०२१ पासून, तर श्रीलंका, मॉरिशस आणि नेपाळमध्ये २०२४ पासून. सिंगापूर आणि दुबईत ठरावीक दुकानांत. त्यासाठी अ‍ॅपमध्ये ‘यूपीआय इंटरनॅशनल’ वेगळं चालू करावं लागतं आणि ते ठरावीक मुदतीपुरतंच चालू राहतं. नेपाळमध्ये हिशोब तपासणं सोपं आहे: १६० नेपाळी रुपये म्हणजे आपले १००. पिन टाकण्याआधी अ‍ॅपवरचा आकडा याच्याशी ताडून बघा. क्यूआर दिसला म्हणून आपलं अ‍ॅप चालेलच असं धरू नका. बँकॉकच्या फळवाल्यापुढे क्यूआर होता, पण माझ्या अ‍ॅपने तो घेतला नाही.

आता ज्या ठिकाणी मी स्वतः फसलो, ते नीट वाचा.

बँकॉकमध्ये हॉटेलखालच्या एटीएममध्ये कार्ड घातलं, १०,००० बाट मागितले. आधी २२० बाट शुल्काची सूचना आली. ते तिथली बँक घेते, ते चुकत नाही. मग पडद्यावर दोन चौकटी आल्या. एकीत ‘विथ कन्व्हर्जन’ आणि खाली रुपयांत आकडा, दुसरीत ‘विदाउट कन्व्हर्जन’ आणि आकडाच नाही. मागे चार माणसं उभी. रुपये दिसले, ओळखीचं वाटलं, मी पहिली चौकट दाबली. रात्री खोलीवर बँकेचा एसएमएस आणि त्या दिवसाचा भाव शेजारी ठेवून कागदावर गुणाकार केला, तेव्हा कळलं की बाटचा भाव मला बराच चढा लागलाय.

होतं असं की रुपये निवडले की चलन बदलायचं काम आपली बँक करत नाही, समोरचं मशीन करतं, आणि भाव तेच ठरवतं. बाट अडीच रुपयांचा धरला तर १०,००० बाटचे २५,००० रुपये होतात. त्या भावात ६ टक्के चढवलेले असतील तर १,५०० रुपये एका बोटाने गेले. काही बँका अशा व्यवहारावर आपलंही शुल्क वरून लावतात. तिथलं चलन निवडलं तर आपली बँक साधारण २ ते साडेतीन टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी घेते. तेही कमी नाही, पण ते आधी माहीत असतं.

म्हणून ‘विदाउट कन्व्हर्जन’ (न बदलता) किंवा ‘डिक्लाइन’ (नको) दाबा. “डिक्लाइन दाबलं की व्यवहारच रद्द होईल” ही भीती माझ्या सासऱ्यांनाही होती. बहुतेक मशीनवर तसं होत नाही, तिथल्या चलनात पैसे येतात. झालाच रद्द, तर कार्ड घ्या आणि शेजारच्या एटीएमवर जा. घाई करू नका, मागची माणसं थांबतील.

दुकानात धोका जास्त, कारण मशीन दुकानदाराच्या हातात असतं आणि तो आपल्याला न विचारता रुपये दाबून मोकळा होतो. पिन टाकण्याआधी मशीन आपल्याकडे वळवून घ्या. आकड्यापुढे तीन अक्षरं असतात. दुबईत दिरहमची ए-ई-डी हवीत. आय-एन-आर दिसली तर “नो रुपीज, दिरहम” एवढं म्हणा आणि पुन्हा करायला लावा. निवड कार्डधारकाची, असा व्हिसा-मास्टरकार्डचाच नियम आहे, त्यामुळे भीड बाळगायचं कारण नाही. पावतीवर रुपये दिसले तर काउंटर सोडण्याआधीच व्यवहार रद्द करून मागा.

एटीएमवर खातं विचारलं तर ‘सेव्हिंग्ज’. सहा आकडी पिन मागितला तरी आपले चारच टाका आणि एंटर दाबा. दर वेळी तिथली बँक आणि आपली बँक दोघीही शुल्क घेतात, म्हणून रोज थोडे थोडे न काढता चार दिवसांचे एकदम काढा.

दुसरं कार्ड वेगळ्या बॅगेत ठेवा. पहिलं हरवलं तर अ‍ॅपमधून लगेच बंद करा.

परत आल्यावर, सामान उघडायच्या आधी, आंतरराष्ट्रीय वापर बंद करा. मग महिनाभर खात्याचा उतारा बघत राहा, कारण हॉटेलने अनामत म्हणून कार्डावर राखून ठेवलेली रक्कम सुटायला कधी कधी आठवडे लागतात.