अपंगत्व पेन्शन नाकारली? आधी पाकीट जपून ठेवा

मी मराठा लाइट इन्फंट्रीत क्लार्क होतो. आता कागलला असतो. कोल्हापूर-गडहिंग्लजकडची पेन्शनर पोरं कागद घेऊन येतात, त्यांतली बरीच पत्रं अपंगत्व पेन्शन नाकारल्याची. आत ठरलेलं वाक्य: आजार नोकरीमुळं झालेला नाही, नोकरीत वाढलेलाही नाही. आमच्या भाषेत ‘नॅना’. “काका, मेडिकल बोर्डानंच लिहिलंय, आता काय?” आता अपील.

पहिल्या अपिलाला मुदत पत्र मिळाल्यापासून सहा महिने. म्हणून पत्राचं पाकीटही टाकू नका. पत्र कधी हातात पडलं ते पोस्टाच्या शिक्क्यावरून दाखवता येतं.

लिहायला बसण्याआधी रिलीज मेडिकल बोर्डाचे, म्हणजे नोकरी सोडतानाच्या लष्करी वैद्यकीय तपासणीचे, पूर्ण कागद मिळवा. नुसत्या पत्रावर अपील लिहिणं म्हणजे अंधारात गोळीबार. कागद नसतील तर दहा रुपये भरून रेकॉर्ड ऑफिसकडं माहिती अधिकारात मागा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करी इंजिनिअरांचं) खडकीला.

कागदात अपंगत्वाचे टक्के बघा, निदान वीस लागतात. मग बोर्डानं कारण काय दिलंय ते शोधा, कारण उत्तर त्यालाच द्यायचंय. बीपी पुण्यात सापडलं की ‘पीस स्टेशन’, म्हणजे शांत भागातली नेमणूक, असं लिहून बोर्ड मोकळं होतं. त्याआधीची दोन वर्षं गडी सियाचीनला होता हे कोण सांगणार? तुम्हीच. पोस्टिंगच्या तारखा ओळीनं मांडा. भरतीच्या मेडिकलमध्ये त्या आजाराची नोंद नव्हती हेही लिहा. धरमवीर सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 2013 साली या मुद्द्याला मोठं वजन दिलंय. पण 21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागतात, तेव्हा शेजाऱ्याचं जुनं अपील उतरवून काढू नका.

दुखापत असेल तर इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे (लष्करी चौकशीचे) कागद जोडा. बाकी मजकूर दीड पानात बसवा. सेवेतल्या हालअपेष्टांची कहाणी तिथं कुणी वाचत नाही. अर्ज स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्जाला मदत करतं, निकाल मात्र त्यांच्या हातात नसतो.

पहिलं फेटाळलं तर दुसरं अपील, त्यालाही सहा महिनेच. तिथंही नाही झालं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, आपल्याला मुंबईचं खंडपीठ. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं म्हणून पोरं विचारतात, इथंच केस घालू का? नाही, आधी न्यायाधिकरणच. अंतिम निर्णयापासून सहा महिन्यांत तिथं जायचं. अपील टाकून सहा महिने झाले आणि उत्तरच नाही, तरीही न्यायाधिकरणाचं दार उघडं असतं.

वर्षानुवर्षं गप्प बसलेल्यांनीही यावं. उशिराचं कारण द्यावं लागतं, आणि थकबाकी साधारण अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळते.