सीता अशोकाच्या झाडाखाली पुढची पिढी कशी उभी करायची

सीता अशोक दिसला की नजर वर फुलांकडे जाते. पुढच्या वेळी आधी खाली बघा. बुंध्याभोवती पंधरा-वीस पावलांच्या घेरात गुडघाभर, कमरेएवढी रोपं आहेत का? पुष्कळ ठिकाणी ती दिसत नाहीत. झाड दरवर्षी फुलतं, शेंगा धरतं, बिया खाली पडतात, तरीही त्याच्यामागे कोणी नाही. अशोकारिष्टासारख्या औषधांसाठी साल ओरबाडली जाते, त्यामुळे जुनी झाडं मरतात आणि त्यांची जागा घ्यायला तरणं झाड नसतं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जीवजातींच्या यादीत, सीता अशोक 'असुरक्षित' गटात आहे.

अशा वेळी रोपवाटिकेतून पिशव्या आणून खड्डे खणायचा मोह होतो. जिथे जुनं झाड अजून उभं आहे, तिथे माझं मत वेगळं आहे. बी त्याच जागेचं, माती तीच, ओलावा तोच. झाड आपलं काम करतंच आहे. मधली साखळी कुठे तुटते ते शोधायचं आणि तेवढीच जोडायची.

आधी झाडाची खात्री करा

रस्त्याकडेला सरळसोट वाढणारा, कडा नागमोडी असलेल्या सुट्या पानांचा 'अशोक' म्हणजे सीता अशोक नव्हे. सीता अशोकाचं पान संयुक्त असतं, एका देठावर पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, काही जोड्या. कोवळी पालवी तांबूस रंगाची, मऊ आणि लोंबती. फुलं केशरी, जुनी होताना लालसर, आणि फांद्यांवरच गुच्छाने येतात. शेंग चपटी, रुंद, चामड्यासारखी. कोकणात आणि सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर हे झाड ओढ्या-व्हाळांच्या काठी, मोठ्या झाडांच्या सावलीत सापडतं. पुढच्या सगळ्या कामात ही सावली आणि हा ओलावा विसरायचा नाही.

जागा कोणाची हेही पहिल्याच दिवशी बघा. राखीव जंगल किंवा अभयारण्य असेल तर वनविभागाच्या परवानगीशिवाय एक काठीही रोवू नका. देवराई असेल तर गावाशी, मानकऱ्यांशी बोला. जैवविविधता कायदा २००२ मध्ये आला, त्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिला सोबत घेतलं तर काम तुमच्या एकट्याचं राहत नाही.

साखळी कुठे तुटते?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक पूर्ण पावसाळा नुसतं बघण्यात गेला तरी चालेल.

झाडाखाली चार-पाच ठिकाणी दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद चौकोन काठ्या रोवून आखा. एक बुंध्याजवळ, एक फांद्यांच्या कडेखाली, एक-दोन त्याच्या बाहेर उताराकडे. प्रत्येक चौकोनात मोजा: न उगवलेल्या बिया, नुकते कोंब, वीतभर रोपं, गुडघ्याएवढी, छातीएवढी. पहिली मोजणी जुलैअखेर, दुसरी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात, तिसरी मेअखेर. संख्या जिथे एकदम कोसळते, दुखणं तिथे आहे.

मोजताना गुडघ्यावर बसा आणि पातेरा, म्हणजे गळलेल्या पानांचा थर, हाताने बाजूला करा. बी तीन-चार सेंटीमीटर लांब, चपटं, तपकिरी असतं. त्याला बारीक गोल भोक असेल आणि आत भुसा निघाला, तर किडीचं काम. कवचाचे तुकडे आणि दातांच्या खुणा दिसल्या तर उंदीर, खार किंवा साळिंदर. बी फुटलंय, मूळ बाहेर आलंय, पण ते पानांच्या जाड थरात वळून वाळलंय, म्हणजे त्याला माती भेटलीच नाही.

रोपाचा शेंडा गेला असेल तर देठाचं टोक नीट पाहा. चाकूने कापल्यासारखा स्वच्छ तिरका छेद असेल तर सशाने खाल्लंय. टोक फाटलेलं, रेषा निघालेल्या असतील तर गुरं, शेळ्या, भेकर किंवा सांबर, कारण रवंथ करणाऱ्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ते पाला ओढून तोडतात. ससा असेल तर करवंदीच्या चार फांद्या पुरतात. गुरं असतील तर गावात बोलावं लागतं.

कधीकधी शत्रू कोणीच नसतो, माणसाची मायाच असते. एका देवळापुढचा जुना अशोक मी अनेक वर्षं बघत होतो. शेंगा भरपूर, खाली एक रोप नाही. एका पावसाळ्यात सकाळी लवकर गेलो तेव्हा समजलं. अंगण रोज झाडलं जात होतं, आणि खराट्याबरोबर बिया, कोंब सगळं उकिरड्यावर. झाडणाऱ्या आजींना कोंब दाखवला तर त्यांनीच बुंध्याच्या मागचा कोपरा झाडायचा सोडून दिला. त्याच वर्षी तिथे रोपं दिसली. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेतात जाळायला, पातेरा गोळा करून नेतात तिथेही असंच होतं.

शेंगा तडकण्याआधी जमीन तयार ठेवा

शेंगा साधारण मे ते जुलैच्या दरम्यान पिकतात आणि काळपट होऊन झाडावरच तडकतात. त्याआधी पंधरा दिवस, पातेरा फार जाड असेल तिथे हातभर रुंदीचे पट्टे हलके मोकळे करा. सगळी जमीन उघडी करू नका, पातेऱ्याविना माती तापते आणि पहिल्या जोरदार सरीत धुपते. एक पट्टा उघडा, शेजारचा झाकलेला, असं आळीपाळीने ठेवा. खणायचं नाही, बोटांनी मातीचा वरचा थर मोकळा झाला की पुरे.

रानमोडी किंवा घाणेरीसारखं तण माजलं असेल तर फुलं येण्याआधी मुळासकट उपटा आणि तिथेच उलटी टाकून वाळू द्या.

पडलेल्या बियांचं काय करायचं

बहुतेक बिया पडल्या तिथेच राहू द्या. काही मात्र हलवा, आणि त्याला कारण आहे. डॅनियल जँझेन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये, या दोन परिसंस्थाशास्त्रज्ञांनी, एक गोष्ट मांडली: आईच्या झाडाखाली बी सर्वांत जास्त पडतं, म्हणून ते खाणारे किडे, बुरशी आणि प्राणीही तिथेच जमतात. थोडं दूर गेलेलं बी संख्येने कमी, पण वाचण्याची शक्यता जास्त. अशोकाचं बी जड असतं, वाऱ्याने उडत नाही, त्यामुळे त्याला दूर जाण्याची संधी मुळातच कमी.

म्हणून दहा बियांपैकी दोन-तीन उचला आणि वीस-तीस पावलांवर, त्याच ओढ्याच्या काठी, तशाच सावलीत ठेवा. बी आडवं ठेवून त्याच्या जाडीएवढीच माती वर ओढा आणि मूठभर पातेरा टाका. हे उचलल्या दिवशीच करा. हे बी वाळवून डब्यात ठेवण्यासारखं नाही, ओलावा गेला की उगवण्याची ताकद झपाट्याने ओसरते. भोक पडलेलं किंवा दाबल्यावर मऊ लागणारं बी घेऊ नका. आसपास दोन-तीन अशोक असतील तर सगळ्यांच्या बिया मिसळून लावा, म्हणजे पुढची पिढी एकाच आईची होणार नाही.

पहिलं वर्ष

ताजं बी ओल्या मातीत काही आठवड्यांत फुटतं. सुरुवातीला रोप बीमधल्या जाड दलांच्या शिदोरीवर जगतं, म्हणून अगदी दाट सावलीतही उगवतं. कोवळी पानं खाली लोंबतात, स्पर्शाला ओल्या कापडासारखी ढिली लागतात. नवख्याला वाटतं रोप सुकलं, आणि तो पाणी ओततो. ती सुकलेली नसतात, ती अशीच असतात. थोड्या दिवसांत हिरवी होऊन ताठ होतात.

प्रत्येक रोपाजवळ वीतभर अंतरावर एक काठी खुणेला रोवा, म्हणजे चालताना पायाखाली जाणार नाही. भोवती करवंदीच्या काटेरी फांद्यांचं कडं करा. लोखंडी जाळी शक्यतो नको, ती काढायची राहून जाते आणि खोडात रुतते.

खरी परीक्षा मार्च ते मे. ऑक्टोबरात मोजलेली पुष्कळ रोपं मेअखेर नसतील, मन घट्ट करून ठेवा. त्यासाठी पाऊस संपताना पातेरा रोपाभोवती सारून द्या, खोडाला मात्र टेकू देऊ नका. वणव्याची भीती असेल तर जानेवारीतच बाहेरच्या बाजूने जाळरेषा काढा, म्हणजे दीड-दोन मीटर रुंदीचा पट्टा वाळक्या गवतापासून साफ करा. एकच वणवा चार वर्षांची रोपं एका दुपारी संपवतो.

उजेड किती द्यायचा

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी रोपं जिवंत असतात पण वाढत नाहीत. तेव्हा त्यांना थोडा उजेड हवा असतो, आणि लोक इथे कोयता जास्त चालवतात. मोठं झाड तोडायचं नाही. रोपाच्या वर टेकलेली झुडपं आणि वेल तेवढे बाजूला करा. दुपारी रोपावर उन्हाचे कवडसे हलताना दिसले की पुरे. पानांच्या कडा करपायला लागल्या तर जास्त उघडलंत, फांदी आडवी टाकून पुन्हा सावली द्या. हे काम पावसाळ्याच्या सुरुवातीला करा, ऐन उन्हाळ्यात नको.

दाट उगवलेली रोपं उपटून घरच्या बागेत नेऊ नका. त्यातलं कुठलं टिकणार हे आपल्याला आज कळत नाही.

साल आणि नोंद

हे सगळं करताना आईचं झाड वाचलं पाहिजे. बुंध्याभोवती सालीचं पूर्ण कडं निघालं तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड वाळतं. ताजी जखम दिसली तर तारखेसह फोटो काढून वनविभागाला आणि समितीला कळवा.

मोजणीची वही दरवर्षी त्याच तीन वेळांना भरा आणि तिची प्रत गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या वहीत, द्या. झाडाची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका, साल काढणारेही तेच वाचतात. रोपं छातीच्या वर गेली, गुरांच्या तोंडाला शेंडा लागेनासा झाला, की काटेरी कडं आणि खुणेची काठी काढून घ्या.