बास गिटार: पहिल्या पाच फ्रेटवरची खरखर कशी गेली

पुण्यात थंडी पडली आणि माझ्या बासची जाड ई तार पहिल्या पाच फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) खरखरू लागली. पुढे मात्र स्वच्छ. तारा बदलल्या, ब्रिजवर (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) तार उचलली. खरखर राहिलीच, शिवाय वाजवणंही जड झालं. तीन आठवडे रियाजाला बसवेना.

दोष नेकचा, म्हणजे दांड्याचा होता. कोरड्या हवेत ती सरळ, किंचित उलटी वाकली होती. आधी बास सुरात लावली. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, नेक बॉडीला मिळते तिथला फ्रेट दाबला आणि आठव्या फ्रेटवर पाहिलं: तार चिकटलेली! तिथे साधारण ०.३ मिमी फट हवी. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा, एका वेळी एवढाच, सैल केला. पुन्हा सुरात लावून रात्रभर ठेवली. सकाळी फट बरोबर आली. ब्रिज शेवटी खाली घेतला.