आपल्या मनाला कोणता धर्म जुळतो, हे कसं तपासायचं

एक वही घ्या आणि पहिले पंधरा दिवस कुठलाही धर्मग्रंथ उघडू नका. सध्या फक्त स्वतःकडे बघायचं आहे. इंटरनेटवर दहा मिनिटांत धर्म सुचवणाऱ्या प्रश्नमंजूषा मिळतात, पण त्या आपल्याकडच्या माणसाला फारशा उपयोगी पडत नाहीत. घरात खंडोबाचा टाक आहे, आषाढीचा उपास चुकत नाही, गणपतीत आरतीला गळा भरून येतो आणि पुनर्जन्मावर मात्र काडीचा विश्वास नाही, अशा माणसाने 'तुम्ही देव मानता का?' या प्रश्नापुढे कोणत्या चौकोनात खूण करायची?

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: 'मानतो', 'करतो' आणि 'सुटत नाही'. दिवसभरात धर्माशी संबंध येणारी प्रत्येक गोष्ट त्यांत टिपा. देवाला दिवा लावला, गुरुवारी मांसाहार टाळला, मांजर आडवं गेल्यावर पाऊल अडखळलं, आजारपणात नवस बोललात, कुणाच्या अंत्यविधीला मंत्र ऐकून बरं वाटलं किंवा संताप आला. प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहा: 'पटतं', 'आई करते म्हणून', 'भीती वाटते', 'चार लोक काय म्हणतील'. आपल्याकडे कुलाचार, जात, संप्रदाय आणि तत्त्वज्ञान एकाच ताटात वाढलेलं असतं, त्यामुळे हे वेगळं केल्याशिवाय पुढचं सगळं फसतं. सत्यनारायण नकोसा झाला म्हणून 'मी नास्तिक' असं ठरवणारे अनेक जण वर्षभराने तुकोबांच्या अभंगापाशी परत येतात. त्यांना विधी नको होता, विठ्ठल हवाच होता. 'भीती वाटते' असं लिहिलेल्या ओळींखाली लाल रेघ मारा आणि त्यांवरून इतक्यात कुठलाही निर्णय घेऊ नका.

पंधरा दिवसांनी पुढचे प्रश्न घ्या. उत्तर हो-नाहीत देऊ नका, पूर्ण वाक्यात लिहा.

पहिला प्रश्न देवाचा. जग कुणी निर्माण केलं आहे का, आणि तो माझी हाक ऐकतो का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इस्लाम, ख्रिस्ती आणि शीख धर्म दोन्हींना हो म्हणतात, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी: इस्लाममध्ये अल्लाहशी कुणाचीही बरोबरी चालत नाही, ख्रिस्ती श्रद्धेत देव येशूच्या रूपात माणूस होतो, शीख परंपरेत तो निराकार आहे आणि नामातून भेटतो. वारकऱ्याला विटेवरचा सगुण विठ्ठलही हवा असतो आणि ज्ञानेश्वरांचं अद्वैतही. महानुभाव पंथ इथे काटेकोर आहे: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ कायमचे वेगळे, देवता मोक्ष देऊ शकत नाहीत, म्हणून उपासना पंचकृष्णांची, म्हणजे परमेश्वराच्या पाच अवतारांचीच. जैन आणि बौद्ध जगाचा निर्माता मानत नाहीत. 'देव आहे, पण मूर्ती, अवतार आणि प्रमाणग्रंथ नकोत' असं उत्तर निघालं, तर 1867 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्रार्थना समाजाचा विचार वाचा. 'निर्मिक आहे, पण त्याच्या आणि माझ्यामध्ये भट नको' असं निघालं, तर जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात स्थापलेला सत्यशोधक समाज तुमच्या जवळचा आहे.

दुसरा प्रश्न आत्म्याचा, आणि लोक सर्वांत जास्त गफलत इथेच करतात. 'जैन आणि बौद्ध सारखेच' असं सर्रास म्हटलं जातं. जैन दर्शनात प्रत्येक जीवाला स्वतंत्र, नित्य आत्मा आहे आणि कर्म त्याला सूक्ष्म द्रव्यासारखं चिकटतं. बुद्धाने असा नित्य आत्मा नाकारला. मेलेला मुलगा 'कुठेतरी आहे' या विश्वासावर जी आई उभी आहे, तिला अनात्मवाद बुद्धीला पटला तरी मनाला पेलेल का, हे तिने प्रामाणिकपणे तपासायला हवं. इस्लाम आणि ख्रिस्ती धर्मात पुनर्जन्म नाही. एकच आयुष्य आणि शेवटी न्याय. कर्मफळाची कल्पना तुमच्या हाडीमासी असेल, तर या दोन धर्मांत तुम्हाला पुढे अडखळायला होईल.

तिसरा प्रश्न: शेवटचा शब्द कुणाचा? ग्रंथाचा, गुरूचा, परंपरेचा, की स्वतःच्या अनुभवाचा? चौथा: समता. जातीची उतरंड धर्माच्या नावावर चालत असेल, तर तत्त्वज्ञान कितीही सुंदर असलं तरी तुम्ही तिथे राहू शकाल का? महाराष्ट्रात या एका प्रश्नाने लाखो माणसांचा धर्म ठरवला आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी जो धम्म दिला, त्याच्या बावीस प्रतिज्ञा वाचल्याशिवाय 'मला बौद्ध धर्म आवडतो' असं म्हणू नका. त्यांत ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव न मानण्याची, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे न मानण्याची, श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची स्पष्ट प्रतिज्ञा आहे. ध्यान आवडणं वेगळं आणि हा धम्म स्वीकारणं वेगळं.

बाकीचे प्रश्न थोडक्यात: अन्न (मांस, मद्य, कंदमुळं), बाईला पूजाविधीत आणि निर्णयात असलेली जागा, पैसा कुठे द्यायचा, मृत्यूनंतर देहाचं काय.

आता प्रत्येक उत्तराला गुण द्या. 'याच्याशिवाय मी मीच राहणार नाही' याला 3, 'पटतं' याला 2, 'असलं काय, नसलं काय' याला 1. तिनाचे गुण दोन-तीन उत्तरांनाच मिळायला हवेत. सगळ्यांनाच तीन दिले असतील, तर आठवडाभर वही मिटून ठेवा आणि पुन्हा द्या. निवड या तीन-गुणी उत्तरांवर करा, बेरजेवर नको. बेरीज केली की दहा किरकोळ आवडीनिवडी मिळून एका मूलभूत नकाराला झाकून टाकतात, आणि तो नकार दोन वर्षांनी लग्नात किंवा मयतीत उफाळून येतो.

या चाळणीतून दोन वाटा निवडा. तीन नकोत; प्रत्येकीला तीन महिने द्यायचे म्हटले तरी अर्धं वर्ष जातं. प्रत्येक वाटेसाठी एक मूळ ग्रंथ मराठीत वाचा आणि त्याच परंपरेतल्या माणसाने तिच्यावर केलेली एक टीका वाचा. बाहेरच्याची टीका बहुधा वर्मावर बसत नाही. घरच्याला दुखणं कुठे आहे ते ठाऊक असतं.

वाचन झालं की देहाने जगून बघायचं. हा टप्पा गाळणारेच जास्त, आणि खरी पारख मात्र इथेच होते.

वारकरी वाट तपासायची असेल, तर रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणा, साधारण अर्धा तास लागतो. महिन्याच्या दोन्ही एकादश्या धरा आणि मांस-मद्य तीन महिने पूर्ण बंद ठेवा. तुळशीची माळ इतक्यात घालू नका. माळ म्हणजे दागिना नव्हे, ती नियमांची कबुली असते आणि जुन्या वारकऱ्याच्या हातून घेतली जाते. आषाढ जवळ असेल तर ज्ञानोबांच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा चाला. मोठा पल्ला आहे. नव्या चपला नकोत. तिथे दिंडीतला शिस्तीचा भाग नीट बघा: विणेकरी कोण, कुणाची जागा कुठे, बायका कुठे चालतात. अभंगातली समता आणि दिंडीतली रचना यांत अंतर दिसलं, तर तेही वहीत लिहा.

जैन वाटेवर सामायिकाने सुरुवात करा. सामायिक म्हणजे 48 मिनिटं एका जागी समभावात बसणं. त्याबरोबर सूर्यास्तापूर्वी जेवण, आणि कांदा, लसूण, बटाटा बंद. नोकरी करून मुंबईच्या लोकलने साडेआठला घरी पोहोचणाऱ्याला सूर्यास्ताचा नियम किती जड जातो, ते आठवड्याभरात कळतं. पर्युषणाच्या दिवसांत, किंवा दिगंबर असल्यास दशलक्षण पर्वात, प्रवचनाला जाऊन बसा.

बौद्ध विहारात रविवारी वंदनेला जा. त्रिशरण (बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं) आणि पंचशील (आचरणाचे पाच नियम) पालीत असतात, पण अर्थ मराठीत समजून घेऊन तीन महिने पाळा. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, ऑफिसात पाळून बघा; बाकीच्या चारांपेक्षा तेच पुष्कळांना अवघड जातं. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या केंद्रात दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करता येतं. पहाटे चारला उठणं, रोज सुमारे दहा तास ध्यान, मौन, आणि त्या काळात जप, पूजा, माळ, उपास सगळं थांबवायचं. शुल्क नसतं, शिबिर पूर्ण करणाऱ्याकडूनच दान घेतात. मात्र ही ध्यानाची साधना आहे आणि ती शिकवणारे स्वतःच ती कुठल्या पंथाची मानत नाहीत. त्यामुळे शिबिरात शांत वाटलं हा बौद्ध धम्म जुळल्याचा पुरावा होत नाही. मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर अर्जात ते लपवू नका आणि आधी डॉक्टरांना विचारा.

शीख परंपरेसाठी जवळच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या सेवेत उभे राहा. जमलं तर नांदेडला हुजूर साहिबला जा. डोकं झाकलेलं हवं, खिशात तंबाखू-सिगारेट नको. गुरू ग्रंथ साहिबमध्ये आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत, म्हणून मराठी माणसाला ही दारं परकी वाटत नाहीत. ख्रिस्ती उपासनेला मराठी भाषेतूनच बसा, वसईत मराठी मिस्सा मिळते. कॅथलिक मिस्सेत पाहुण्याने कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, रांगेत उभं राहायचं नसतं, जागेवर बसून राहिलात तरी कुणी वाईट मानत नाही. मशिदीत जाण्याआधी विचारून जा. रमजानचे काही रोजे धरून बघा आणि पाच वेळांची नमाज दिवसाला कशी बांधून टाकते, ते समजून घ्या. जकात, म्हणजे सक्तीचं दान, तीही मोजा: निसाबपेक्षा (ठरलेल्या किमान मालमत्तेपेक्षा) जास्त बचत असल्यास तिच्यावर दरसाल अडीच टक्के. हिशेब कागदावर मांडला की धर्माचा आपल्या खिशाशी असलेला संबंध लख्ख दिसतो.

काही दारं बाहेरून उघडत नाहीत, हेही आधीच माहीत हवं. भारतातले पारशी धर्मांतरित माणसाला सहसा समाजात घेत नाहीत. ज्यू परंपरा धर्मांतराला उत्तेजन देत नाही, आणि तयारी दीर्घ असते.

तपासताना चुका कुठे होतात? सर्वांत मोठी चूक तुलनेची. आपल्या धर्माचा व्यवहार आणि दुसऱ्याचा आदर्श शेजारी ठेवले की दुसरा नेहमीच उजळ दिसतो. ग्रंथाशी ग्रंथ ताडा आणि गल्लीशी गल्ली. दुसरी चूक माणसाची. एखाद्या महाराजांच्या, पाद्रींच्या किंवा मैत्रिणीच्या ओढीने आलेला धर्म ते माणूस दूर गेल्यावर टिकतो का, हे बघायला निदान महिनाभर त्या व्यक्तीविना तीच साधना करा. लग्नासाठी धर्म बदलायचा विचार असेल, तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली धर्म न बदलता लग्न करता येतं. ती वाट मोकळी आहे हे माहीत असताना घेतलेला निर्णयच तुमचा. तिसरी चूक घाईची: दुःख, नोकरी जाणं, घरातला मृत्यू यांच्या पहिल्या सहा महिन्यांत कायमचा निर्णय घेऊ नका. या काळात जो कुणी लगेच दीक्षा घ्या, पैसे द्या किंवा घरच्यांशी संबंध तोडा म्हणतो, त्याच्याकडे परत जाऊ नका. मग तो कुठल्याही धर्माचा असो.

सहा महिन्यांनी वहीत 'काहीच जुळलं नाही' असं निघालं, तर ते उत्तर पूर्ण आहे. चार्वाकांपासून ही परंपरा आपल्या मातीत आहे. 1989 पासून काम करणाऱ्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवा-धर्माच्या नावावरच्या शोषणाला आहे, श्रद्धेला सरसकट नाही; म्हणून तिथे आस्तिकही भेटतात. आणि बहुतेकांचं उत्तर निघतं ते जन्माच्या धर्मातलीच, पण वेगळी वाट.

औपचारिक धर्मांतर करायचंच ठरलं, तर कागद आधी समजून घ्या. घटनेचं कलम 25 सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं, पण अनेक राज्यांत धर्मांतराआधी जिल्हाधिकाऱ्यांना सूचना द्यावी लागते आणि हे नियम बदलत राहतात, म्हणून त्या वेळचा नियम वकिलाकडून तपासा. हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. इस्लाम किंवा ख्रिस्ती धर्मात गेल्यास व्यक्तिगत कायदा, म्हणजे लग्न-वारसा यांचा कायदा, बदलतो. हिंदू जोडीदाराने धर्म बदलला, तर 1955 च्या हिंदू विवाह कायद्याखाली ते घटस्फोटाचं कारण ठरू शकतं. अनुसूचित जातीचा दर्जा 1950 च्या आदेशानुसार हिंदूंना, 1956 पासून शिखांना आणि 1990 पासून बौद्धांना आहे. ख्रिस्ती किंवा मुस्लिम झाल्यावर तो राहत नाही. अनुसूचित जमातीला ही धर्माची अट नाही. महाराष्ट्रात धर्मबदलाची नोंद राजपत्रात करता येते, आणि शाळेचा दाखला, आधार, पासपोर्ट यांवर फरक राहू नये म्हणून ती प्रत जपून ठेवा.

घरच्यांना सांगताना सणाच्या दिवशी सांगू नका. कुलदैवताचं पुढे कोण करणार, हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत येईल. त्याचं उत्तर तयार ठेवा. तुम्ही नैवेद्य वाढायला मदत कराल पण पूजेला बसणार नाही, असं काहीतरी ठोस. आणि तुमच्या अंत्यविधीबद्दल, दहन की दफन, मंत्र की बुद्धवंदना की काहीच नको, हे एका कागदावर लिहून, सही करून, घरातल्या एकाला आणि बाहेरच्या एका मित्राला द्या. त्या दिवशी तुम्हाला विचारता येणार नाही, आणि दारात जमलेल्या माणसांना अर्ध्या तासात ठरवायचं असतं.